पंचावन्न जीबी

६ मार्च

बाबांनी घात केला! चाळीस वर्षं चिखलात उभं राहून टिपलेले पक्ष्यांचे आवाज, सगळा संग्रह, संग्रहालयातून डिस्कवर भरून घरी आणला. तिथल्या संगणकावर आठशे जीबी, तसं चिठ्ठीवर लिहूनही आणलंय. आपल्या संगणकाला लावली, तर सातशे पंचेचाळीस! तिथला संगणक पुसून कालच मोडीत दिलाय. म्हणजे पंचावन्न जीबी गेले ते गेलेच.

"काय पुसलंत बाबा?" बाबा डिस्कची वायर काढून पुन्हा लावत राहिले. परवा डोक्यावरचा चष्मा घरभर शोधत होते, तेव्हाच मनात पाल चुकचुकली होती.

७ मार्च

बाबांना घेऊन संग्रहालयात गेले. प्रमुख बाईंना बाबांसमोरच सांगितलं, "आता त्यांच्या हातात काही देऊ नका." बाई अवघडल्या. "काका, थोडी विश्रांती घ्या." बाबांनी संग्रहाच्या खोलीची किल्ली टेबलावर ठेवली. "झालं असेल माझ्याकडून."

आई घरी म्हणाली, "अगं, चारचौघांत बोलायचं होतं का?" मी म्हटलं, कुणीतरी बोलायलाच हवं!

११ मार्च

बाबा दिवसभर आवाजांच्या नोंदींची वही घेऊन बसतात. उघडतात, मिटतात.

१४ मार्च

शाळेच्या वार्षिक परीक्षेची संगणकाची प्रश्नपत्रिका काढत होते मी. रिकाम्या जागा भरा: एक किलोबाइट म्हणजे ___ बाइट. उत्तरसूचीत अकरा वर्षं लिहितेय, 'हजार किंवा एक हजार चोवीस, दोन्ही ग्राह्य.' हात तिथेच थांबला.

सातशे पंचेचाळीसला एक हजार चोवीसने तीनदा गुणलं, हजाराने तीनदा भागलं. आठशे! तिथला संगणक हजाराने मोजायचा, आपला एक हजार चोवीसने. डिस्क तीच, माप वेगळं. पोरांना शिकवते मी हे! ह्यावर पोट भरते!

मग बाबांची वही घेऊन बसले. नोंदी चार हजार दोनशे बारा. फायली चार हजार दोनशे बारा. एकेक ताडून पाहिली. काही म्हणजे काही गेलेलं नाही.

तोंड कुठे लपवू?

१५ मार्च

सांगितलं नाही. जेवताना दोनदा तोंड उघडलं. "मीठ द्या," एवढंच म्हणाले मी. लाज वाटते, आणि लाज वाटते म्हणून गप्प बसल्याची आणखी लाज वाटते. बाईंना मात्र फोन केला, किल्ली परत मागितली. परक्या माणसाची माफी मागणं सोपं असतं!

१६ मार्च

आज सांगितलं. कागदावर गुणाकार मांडून दाखवला, पाया पडले, रडले. "तुम्ही काही पुसलं नव्हतं बाबा. एकही आवाज गेलेला नाही."

बाबांनी कागद नीट वाचला. मग हळूच म्हणाले, "पण बाळ, मला तर ते पुसल्याचं आठवतंय."