हुंकारा देणाऱ्याच्या नावे

मी, जागेश्वर बकाराम मेंढे, वय चोवीस, राहणार आमगाव, तहसील गोंदिया, जिल्हा भंडारा, हे मृत्युपत्र राजीखुशीनं लिहितो. डोकं ठिकाणावर आहे, छाती नाही. नागपूरचे डॉक्टर सोमवारी ती उघडणार, म्हणून आधीच लिहून ठेवतो.

घरातला माझा हिस्सा व सायकल थोरले बंधू भैयाजी यांस. सायकलची घंटी कचारगडच्या जत्रेत पडली. दर्शनाला म्हणून गेलो आणि पानवाल्याशी गप्पा मारत बाहेरच राहिलो, ते असो.

बलभद्राच्या कादंबऱ्यांचे सतरा भाग मात्र भैयाजींस देऊ नयेत. त्यांचं किराणा दुकान आहे. पानं फाडून जिऱ्याच्या पुड्या बांधतील. यातले सोळा भाग मी बिडीच्या कारखान्यात मोठ्यानं वाचले. कारागिरांचे हात तेंदूच्या पानावर, कान माझ्याकडे. आणि वाक्यावाक्याला एकानं ‘हूं’ म्हणायचं, तो हुंकारा. हुंकारा थांबला की वाचणाऱ्यानं पुस्तक मिटायचं, ही आमची रीत.

सहाव्या भागापर्यंत अख्खा कारखाना ‘हूं’ म्हणे. नवव्यात बलभद्र दरीत पडून तिसऱ्यांदा जिवंत आला, तेव्हा माझा मित्र शिवलाल तंबाखूचं सूप बाजूला सारून म्हणाला, “मेलेला मानूस किती डाव जित्ता होते बे? आपन नाई आयकत.” त्याच्यामागं बाकीचेही गेले. राग अजून आहे, पण तो बोलला ते खोटं नव्हतं. लिहिणाराही थकला असावा. तेच भुयार, तीच चावी.

एकटे दुधरामकाका उरले. मी विचारलं, “काका, तुमाले कंटाळा नाई येत?”

“मले ठाऊक आहे थो येते म्हून. येऊ दे ना बापा. कोनी तं परत येऊ दे.”

काकांचा मुलगा आसामच्या चहामळ्यात गेला, तो गेलाच.

म्हणून सर्व भाग दुधरामकाकांस. त्यांना अक्षर येत नाही, अशी हरकत कोणी घेऊ नये. वाचणारा कुठंही मिळतो.

सतरावा भाग आत्ताच टपालानं आला. पानांच्या कडाही कापलेल्या नाहीत. मी परतलो तर मीच वाचीन. नाही परतलो तर शिवलालनं काकांपुढं बसून वाचावा, ही त्याला शिक्षा. काकांचा हुंकारा थांबेल तिथं पुस्तक मिटावं, मग बलभद्र दरीत लोंबकळत असला तरी. माझ्या आठवणीखातर कोणी खोटं ‘हूं’ म्हणू नये.

सही: जागेश्वर बकाराम मेंढे

समक्ष सही करणारे:
चुन्नीलाल कटरे
शिवलाल बिसेन (वाचीन.)

आमगाव, ८ नोव्हेंबर १९५८