सोमलतेचं चूर्ण

अण्णा, तुम्हाला जाऊन तीस वर्षं झाली, तरी माझा तुमच्याशी वाद चालूच आहे. आज दादरच्या माझ्या औषधांच्या दुकानात एक बाई आल्या, मनाच्या आजारावरच्या गोळ्यांची चिठ्ठी घेऊन. मी विचारलं, "आणखी काय घेता?" "काही नाही हो." पुन्हा विचारल्यावर पिशवीतून दम्याच्या चूर्णाची बाटली निघाली. "हे काय औषध थोडंच आहे? झाडपाल्याचं आहे." बाटलीवरच्या घटकांच्या यादीत तिसरं नाव सोमलतेचं होतं. मी गोळ्या दिल्या नाहीत, आधी त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. बाई चिडल्या. मी हलले नाही.

ठाकूरद्वारला आपल्या दोन खोल्यांच्या खालीच तुमचं काष्ठौषधींचं दुकान होतं. माझा धाकटा भाऊ टायफॉइडने गेला आणि आई बोलेनाशी झाली. स्टोव्हसमोर बसून राहायची, दूध उतू गेलं तरी हात हलायचा नाही. तुमचे सगळे काढे करून झाले. शेवटी मामाने गिरगावातल्याच एका डॉक्टरांचं नाव सांगितलं. तुम्ही यायला तयार नव्हतात, म्हणून मीच तिला घेऊन जायचे. त्यांनी नव्याने निघालेल्या गोळ्या दिल्या. महिन्याभराने एका सकाळी आईने मला समोर बसवून माझी वेणी घातली. तुम्ही दारातून बघत होतात. मग खाली दुकानात गेलात.

मग थंडीत तिला धाप लागायला लागली आणि तुम्ही मधातून सोमलतेचं चूर्ण दिलंत. तासाभरात तिने दोन्ही हातांनी डोकं गच्च धरलं. "डोकं फुटतंय गं माझं." मान ताठ, अंग घामाने भिजलेलं, छातीची धडधड बाहेरूनही दिसत होती. नेमका त्या दिवशी संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ. ट्राम बंद, टॅक्सी नाही. हातगाडीवर गादी टाकून आपण तिला त्याच डॉक्टरांकडे नेतोय, तुम्ही अनवाणी गाडी ओढताय. समोरून मोर्चा येतो, घोषणा थांबतात, कुणीतरी ओरडतं, "बाजू व्हा रे, पेशंट हाय!" आणि सगळा रस्ता दुभंगतो.

डॉक्टर रक्तदाब बघतात, पुन्हा बघतात. "गोळ्यांशिवाय काही दिलंत?"

"नाही," तुम्ही म्हणता.

मी तुमच्याकडे बघते, तुम्ही भिंतीकडे.

"दिलंय," मी म्हणते. "सोमलतेचं चूर्ण. सकाळी, चमचाभर."

डॉक्टरांनी तुमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. लगेच रक्तदाब उतरवणारं वेगळं इंजेक्शन मागवलं. संध्याकाळी आईने पाणी मागितलं, तेव्हा बाहेरच्या बाकावर तुम्ही मला म्हणालात, "बापाला खोटं पाडलंस." मी म्हटलं, "मग आईला जाऊ देऊ?" तुम्हाला उलट बोलायची ती माझी पहिलीच वेळ. त्यानंतर आठ दिवस तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत.

नवव्या दिवशी तुम्ही स्वतः डॉक्टरांकडे गेलात. घरी आल्यावर मला समोर बसवून, एखाद्या विद्यार्थ्यासारखं, शिकून आलेलं सांगितलंत. या गोळ्या शरीरातल्या एका एन्झाइमला अडवतात, त्यामुळे मनाला उभारी देणारी द्रव्यं साठतात. सोमलता तो साठा एकदम मोकळा करते आणि रक्तदाब भडकतो. "चूर्ण चांगलं होतं गं," तुम्ही म्हणालात, "गोळीही चांगली होती. मी विचारलं नाही." पुढे दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला तुम्ही विचारायला लागलात, डॉक्टरांचं काही चालू आहे का. लोक हसायचे. तुम्ही पुडी बांधायचं थांबवून उत्तराची वाट बघायचात. त्याच वर्षी तुम्ही माझं नाव फार्मसीला घातलंत. "दोन्हीकडची औषधं शीक," एवढंच म्हणालात. शिकले, अण्णा. आणि जोवर काउंटरमागे उभी राहू शकते तोवर विचारत राहणार, कुणी कितीही चिडो.

पण एक राहिलं. पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी मला बजावलं होतं, "या गोळ्या चालू असताना मला विचारल्याशिवाय दुसरं काही द्यायचं नाही, घरचं चूर्णसुद्धा नाही. गोळ्या थांबवल्या तरी पुढचे दोन आठवडे नाही." मी ते तुम्हाला सांगितलं नाही. तुम्हाला अपमान वाटेल, तुम्ही गोळ्या बंद कराल आणि आई पुन्हा स्टोव्हसमोर बसेल, याची भीती वाटली. दोष तुम्ही एकट्याने घेतलात आणि मी घेऊ दिला. आईलासुद्धा शेवटपर्यंत सांगितलं नाही. तुम्ही असतात तर हे पत्र लिहायचं धाडस मला आजही झालं नसतं.