खाडीतली नवरी

आई, काल धुळ्याला तिची हळद होती आणि मांडवात मीच गात होतो. ती जळगावला कॉलेजात माझ्या वर्गात होती. आमचं तिच्या घरी कळलं तसं त्यांनी तिचं येणं बंद केलं, आणि ती नाही त्या वर्गात मला बसवेना, म्हणून मीही मधेच सोडलं. आता ऑर्केस्ट्रात गातो. तुझीच गाणी बँजो-ढोलकीवर बसवलीत. ज्यांनी तापीपेक्षा मोठं पाणी पाहिलेलं नाही ती पोरं त्यावर बेभान नाचतात. तिच्या काकांनी काही माहीत नसताना आमची पार्टी ठरवली. पार्टीतले सगळे म्हणाले, तू येऊ नको. मी गेलो. ठरवूनच गेलो, की गाणं मधेच थांबवायचं आणि बठ्ठ्या पाहुण्यांसमोर माइकवर सगळं सांगून टाकायचं. मग होऊ दे काय व्हायचं ते.

तिच्या भावानं मला ओळखलंच. आरडाओरडा केला नाही, जवळ येऊन हसत म्हणाला, "कालेज सोडी दिधं, आते गाणं तरी पुरं म्हण." माझं डोकं सणकलं. त्या तिरीमिरीत मी तुझा धवला, नवरीच्या पाठवणीचं गाणं, लावला.

मी लहान आहे, भुसावळच्या क्वार्टरमध्ये तू सुकट निवडतेयस. वासानं शेजारच्या काकूंनी खिडकी लावून घेतलीय. तुझी आई खाडीकाठच्या गावातल्या लग्नांत धवले गायची. तुला इथे कुठल्या लग्नात कोण बोलावणार, म्हणून तू मला शिकवतेस. नवरी होडीत बसते, होडी लोटली जाते, काठावरची आई लहान लहान होत दिसेनाशी होते, मग देवळाचा झेंडा, आणि मग कुठे पलीकडचा काठ. बाहेर पोरांनी क्रिकेटला हाक मारली तसा मी निम्म्यावरच उठलो. तू दंड धरलास, मासळीच्या हातानं. "मदीच सोरू नको रं. नवरी खाडीत रहाते." मी रडकुंडीला येऊन पुढचं म्हटलं, तेव्हा सोडलंस.

काल मी नेमका तिथेच थांबलो, आई दिसेनाशी होते तिथे. ढोलकीवाल्यानं चमकून माझ्याकडे पाहिलं. ती पाटावर, हळदीनं माखलेली, माझ्याकडेच बघत होती. माझा राग तिच्याइतका कुणाला ठाऊक. तिनं मान हलवली नाही, हात जोडले नाहीत, नुसती वाट बघत राहिली. भाऊ दोन पावलं पुढे आला. माझ्या तोंडात तिचं नाव आलं होतं. आणि मला ती होडी दिसली, भर खाडीत, वल्ही उचललेली, दोन्ही काठ लांब.

मी पुढे गायलो. झेंडा गेला, पलीकडचा काठ आला, तिला उतरवून दिलं. टाळ्या पडल्या, भावानंही वाजवल्या.

हा कागद बँजोच्या पेटीतच राहील. तुला म्हणून सांगतो, थांबल्यावर मी सरळ पुढच्या कडव्याला गेलो नाही. आई दिसेनाशी होते ते कडवं पुन्हा एकदा म्हटलं. तेवढीच ती आणखी थोडा वेळ पाण्यावर राहिली.