बोलू द्या की!

३ नोव्हेंबर, सोमवार

पुन्हा तेच! सकाळी मी म्हणालो, "मला चहा—" आणि दम लागला म्हणून थांबलो. बायको, मल्लव्वा, लगेच म्हणाली, "नको ना? बरं." आणि कप उचलून घेऊन गेली. मला म्हणायचं होतं, मला चहा जरा कडक दे. चहाही गेला, वाक्यही गेलं.

या घरात माझं एकही वाक्य मला संपवता येत नाही. मुलगा प्रभु पुरं करतो, सूनबाई पुरं करते, मल्लव्वा तर मी तोंड उघडायच्या आत! आणि सगळे चुकीचं पुरं करतात. म्हणून हे लिहिणं. इथं तरी मधे कोणी बोलत नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

दवाखान्यात फुप्फुसाच्या व्यायामाचा पहिला दिवस. शिकवणाऱ्या अपेक्षा मॅडम प्रभुहून लहान. "काका, तुम्ही हवा आत घेता, ती बाहेर सुटत नाही, तोच आजार. नाकानं घ्या, ओठ गोल करा, गरम दुधावर फुंकर घालतो तशी हळू सोडा."

सोपं वाटलं. केलं. "काका, उलटं!" पुन्हा केलं. "उलटंच!" तोंडासमोर धरलेला कागद पलीकडे जायला हवा, तर माझ्याकडेच येत होता. बाकीचे म्हातारे फिदीफिदी हसले. मल्लव्वानं दोनदा झकास करून दाखवलं आणि पदरानं तोंड पुसत बसली. शहाणी!

७ नोव्हेंबर

नाही जमत. गेलं खड्ड्यात.

१० नोव्हेंबर, सोमवार

घरी सराव करत होतो. मल्लव्वा टक लावून बघत होती, एकदम ओरडली, "अय्यो! ओ, तुमी धोटा ओढताय की!"

खरंच की. उभा जन्म यंत्रमागावर चादरी विणल्या. सूत संपलं की मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात सुताची नवी कांडी घालायची, धोट्याच्या भोकाला ओठ लावायचे आणि सुताचं टोक ओढून घ्यायचं. दिवसभर तेच. सुताबरोबर कापूसही छातीत जायचा, पण तेव्हा कोण बघतंय! आता ओठ गोल झाले की छाती आपसूक आत ओढते. कितीही बजावा, ओठ ऐकत नाहीत.

"मागावरचा कापूस फुंकून टाकत होता की, तसं फुंका," ती म्हणाली. फुंकलं. कागद पलीकडे गेला! आनंद व्हायला हवा होता. पण तिनं शोधलं याचाच राग आला.

१५ नोव्हेंबर

मॅडम म्हणतात, श्वास सोडत पायरी चढा. माझा सगळा जीव घरच्या जिन्यातच अडकलाय. वरची खोली माझी, खिडकीतून वारा येतो. दवाखान्यातून आणल्यापासून मला खालीच टाकलंय. गणपतीपासून मल्लव्वानंही अंथरूण खाली आणलं. "तुमच्या उशाशी कोण बसणार?" मी काय तान्हं बाळ आहे?

तिच्या रहाटावरूनही वाजलं. कारखान्याच्या कांड्या ती घरीच त्यावर भरते, घरभर कापूस उडतो. मी खोकलो म्हणून बोललो, तर म्हणे, "मला पण खोकला येतोय की, मी काय बोंबलते का?" मग रहाट मागच्या दारी नेला. दिवसभर फुगून होती.

१९ नोव्हेंबर

नवल! मल्लव्वा मधे बोलायची थांबली. जेवताना म्हणालो, "शेंगाचटणी — लई तिखट झाली — तेल घाल थोडं." दोनदा दम घेतला, तरी ती गप्प. नुसतं तेल वाढलं. किती महिन्यांनी माझं वाक्य मीच संपवलं! सुधारली म्हणायची.

२२ नोव्हेंबर, शनिवार

चढलो!! थांबत, फुंकत, कठडा धरत, पण चढलो. वरून हाक मारली, मल्लव्वा, ये की वर! ती खालच्या पायरीवर उभी. "तुमीच बसा. मला काम हाय." कसलं काम? रहाट तर बंद होता. मी एवढा जीव काढून वर आलो आणि हिला बघायला सवड नाही! संतापानं पुन्हा दम लागला. एकटाच बसलो खिडकीत. वारा काही गोड लागला नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

आज प्रभुही बरोबर होता. दवाखान्याच्या चढावर मी पुढं गेलो. मागं वळून बघतो तर मल्लव्वा बाकावर बसलेली. आत गेल्यावर अपेक्षा मॅडमनी तिच्या निळसर ओठांकडं पाहिलं, फुंकायच्या मीटरला नवी नळी लावली आणि तिच्या हातात दिली. काटा माझ्याहून खाली थांबला.

"काकू, कधीपासून होतंय हे?"

"गणपतीत खाली झोपाय आले—" आणि तिला पुढं बोलवेना.

प्रभु मधेच म्हणाला, "ते बाबांच्यासाठी—" मी हात वर केला. "तिला बोलू दे की!"

तिनं ओठ गोल केले, हळू हवा सोडली.

"—ते मला जिना चढवंना म्हणून."