वर मर्दुमकी दाखवायची न्हाई

प्रिय आबा,

लेहमधून लिहितेय. उद्या सकाळी पुन्हा वर, सीमेजवळच्या गावाकडे निघायचंय आणि भरलेली पिशवी मी पुन्हा पुन्हा उघडून बघतेय. तुम्हाला जाऊन दोन वर्षं झाली. पण या रस्त्याबद्दल दुसऱ्या कुणाला विचारू?

तुम्ही मालट्रक घेऊन इकडे यायचात. आपल्या इंदुरी गावातलं कुणी लडाखला कामावर निघालं, की आधी आपल्या ओट्यावर येऊन बसायचं. तुमचं सांगणं ठरलेलं. "वर हवा इरळ, म्हनून पहिलं दोन दिस लेहला नुसतं पडून ऱ्हायचं. पानी पीत ऱ्हायचं. डोकं दुखलं तर लपवायचं न्हाई. वर मर्दुमकी दाखवायची न्हाई." मी आतून ऐकायचे. मलाच कधी यावं लागेल, असं कुठे वाटलं होतं?

नवलाख उंबरे गावातल्या कारखान्यातून सोलर पॅनेल बसवायला दोघांना पाठवलं, मला आणि काळूरामला. काळूराम डोंगरावरच्या वाडीतला, कडे चढून वाढलेला. "मला काय होतंय, ताई?" म्हणायचा. सोबत आलेल्या साहेबांना घाई होती. लेहला एक दिवसही नीट थांबलो नाही आणि वर गेलो. तेव्हा मी का बोलले नाही?

पोचल्यावर काळूराम गप्प झाला. जेवला नाही. विचारलं तर म्हणाला, "काय न्हाई, झोप आलीया." दुपारी उठला आणि झोकांड्या खात भिंतीवर आदळला. दारूचा थेंब न घेणारा माणूस. बूट पायात घालायचा की हातात, तेही त्याला उमजेना.

साहेब म्हणाले, "झोपू दे. सकाळपर्यंत बरा होईल."

खरं सांगू? मलाही तेच ऐकायचं होतं. गाडी एकच, रस्ता दरडींचा. पण तुम्ही सांगितलेलं आठवलं. "झोकांड्या खानाऱ्याला झोपवायचं न्हाई. त्याला खाली आनायचं."

"साहेब, आत्ताच खाली न्यायचं," मी म्हणाले. "तुम्ही गाडी दिली नाही, तर मी रस्त्यावर उभी राहून दुसरी थांबवते."

त्यांनी ड्रायव्हरला किल्ली दिली. सिंधूच्या काठाकाठानं उतरत होतो आणि मी काळूरामला सारखी बोलतं ठेवत होते. एका वळणावर त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि "आये" म्हणाला. त्यानं मला ओळखलंच नव्हतं. आबा, इतकी मी आयुष्यात घाबरले नव्हते.

लेहच्या दवाखान्यात तो वाचला. काल स्वतःच्या हातानं चहा प्यायला. आता त्याला घरी पाठवतायत.

दवाखान्यातून आईला फोन केला तेव्हा मला रडू फुटलं. विचारलं, "आबांना नव्हती का गं भीती वाटत?"

आई म्हणाली, "वाटायची की. निघायच्या दिशी घास उतरायचा न्हाई त्यांच्या घशाखाली. तुमाला कळू ने म्हनून उपास हाय म्हनायचे."

सगळ्या गावाला लपवू नका म्हणालात, आणि स्वतः मात्र एवढं लपवलंत? आम्हाला सांगितलं असतंत, तर तुमच्या शेजारी बसले असते मी.

काळूरामच्या जागी नवा माणूस आलाय. त्याला मी दोन दिवस इथेच थांबवलं. साहेबांनी या वेळी घाई केली नाही. उद्या गाडीत बसण्याआधी मी त्याला तुमचं सगळं सांगेन. आणि तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत, तेही सांगेन, की मला भीती वाटतेय.

तुमची लेक,
अशू