बेशरमीचा ढीग

रविवार, संध्याकाळ

तो ढीग डोळ्यांपुढून हलत नाही. गेल्या महिन्यात आम्ही पुंडलिकनगरच्या मंडळींनी जायकवाडीच्या पक्षी अभयारण्यात तणासारखी माजलेली बेशरमीची झुडपं तोडली, पाण्याकाठीच ढीग घातला, ढिगापुढं फोटो काढला. आज बघते तर ढीग हिरवागार! तोडलेली काडी ओलीत पडली की मूळ धरते, हे एकालाही ठाऊक नसावं?

म्हशी चारणारे रशीदचाचा तेव्हा तिथंच होते, आजही भेटले. मी चिडूनच विचारलं, "तेव्हाच का नाय सांगितलं?"

"तुम्ही लई खुश होते, बेटा. फोटो काढत होते."

मग दिसलं, अर्धा ढीग त्यांनी एकट्यानं वर कोरड्या मुरमावर ओढून वाळत टाकलाय.

आमच्या फोटोत चाचा नाहीत. मीच त्यांना बाजूला व्हायला सांगितलं होतं.