पट्ट्याचा दिवा

चंदगड, १९ मे

आक्का,

नमस्कार-चमत्कार घालायच्या मूडमध्ये मी नाही. बरा आहे, दोन वेळ जेवतो, दाढी वाढलीय. पत्र लिहितोय कारण फोनवर तू "बोल राज्या" म्हणतीस ना, त्या मऊ आवाजानंच माझं डोकं फिरतं.

आईला दवाखान्यात टाकून मी पळालो असं अप्पा गावभर सांगत असतील. सांगू देत. माझ्या शाळेतल्या दोस्ताच्या, गौसच्या कारखान्यात काजू भाजायला लागलोय. टरफलाचं तेल लागलं की कातडी सोलते, आठवडाभर काळं जात नाही. त्याची अम्मी खैरुनबी हाताला खोबरेल लावते आणि रोज विचारते, "घरला कवा जाणार रं?" बघ, कुठं भरकटलो.

तुझा राग आलाय मला. लई.

त्या दिवशी मुंबईहून निघताना तू विमानाच्या स्पीकरवर बोललीस, तर आई शेजारच्याला म्हणाली, "माजी ल्येक हाय ती, संयोगिता." तो म्हणाला, "मावशी, मग आज बिनघोर!" आईनं त्याला लाडू दिला. आणि तासाभरात तीच आई छताला आपटून खाली पडली.

संध्याकाळी तू युनिफॉर्मवरच दवाखान्यात आलीस. अप्पांना सांगत होतीस, वळवाचा ढग टाळून लांबनं वळसा घातला होता, तरी हवेनं उचललं आणि आपटलं. ऑटोपायलट सुटला. समोरचे आकडे इतके थरथरत होते की वाचता येईनात. उंचीच्या मागं लागायचं नसतं, पंख सपाट धरायचे, वेग सांभाळायचा, एवढंच केलं म्हणालीस. वीस सेकंद. मग म्हणालीस, "अप्पा, मागं धाडकन वाजलं. सातव्या रांगेत आई हाय, ठाऊक होतं. पण मान वळवायची सोय न्हवती."

आणि आईच्या मोडलेल्या खुब्याकडं बघत तिची माफी मागितलीस! कशाबद्दल गं?

दुसऱ्या दिवशी चौकशीवाला साहेब आला. मी छाती काढून सांगितलं, पट्टा बांधायचा दिवा लागलाच नव्हता. सही पण ठोकली. त्यावरनं तुला आणि त्या एअर होस्टेस पोरीला घरी बसवलंय. तू काय केलंस? एक शिवी नाही. तुझ्या कॉकपिटातनं लावलेला दिवा, तुला माहीत नव्हता? लहानपणी मी रंकाळ्यात सायकल घातली तेव्हाही मार तूच खाल्लास. कुणी सांगितलं होतं तुला? आई पण तसलीच. साहेबासमोर माझ्याकडं एकदा बघितलं आणि भिंतीकडं तोंड केलं.

ऐक आता. खिडकीतनं आईला डोंगर दिसला. "राज्या, जोतिबा!" एसटीतसुद्धा त्या वळणावर ती चप्पल काढून उभी राहते, तुला ठाऊक आहे. देवाला बसून हात जोडायचे नाहीत तिला. पट्ट्याची कडी काही तिला उघडेना. मागनं ती पोरगी ओरडली, "मावशी, बसा! उठू नका!" आई घाबरून बसली पण होती, आक्का. बसली होती.

मीच म्हणालो, "उठ गं, आपल्याच पोरीचं इमान हाय, कोण काय बोलतंय?" आणि कडी मी उघडली.

डोक्यावर दिवा पेटलेला होता. मी बघितलेला.

सोबत दुसरा कागद आहे, तो साहेबाला दे. दिवा, कडी, ती पोरगी काय ओरडली, सगळं लिहिलंय. पूर्ण नाव घालून सही केलीय. गौस वाचून म्हणाला, "आता तरी झोपशील."

सोमवारच्या एसटीनं येतोय. दारात उभा राहीन. आधी मला शिव्या घाल, मनापासनं घाल, मग आईकडं सोड.

आईचा पट्टा सोडलेला,
राजवीर